चाळीस हजारांतील साधक

महाराष्ट्राच्या शहरी आणि निमशहरी समाजात गेल्या आठ-दहा वर्षांत जे नवे मनुष्यप्रकार आढळू लागले आहेत, त्यांत स्वतःसाठी खेळाचा संगणक जुळवू पाहणाऱ्या आणि त्यासाठी प्रोसेसर ठरवीत बसलेल्या तरुणाचा विचार स्वतंत्रपणे व्हावयास हवा. हा तरुण बहुधा सतरा ते पंचवीस या वयोगटात मोडतो, अभियांत्रिकी, बी.सी.एस. किंवा गेला बाजार आयटीआय यांपैकी कोठेतरी त्याचे नाव लागलेले असते, आणि त्याच्याजवळ चाळीस हजार रुपये असतात अथवा लवकरच असतील अशी त्याची खात्री असते. कंपनीने तयार करून विकलेला संगणक त्याला चालत नाही. मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड असे सुटे भाग निरनिराळ्या दुकानांतून घासाघीस करून आणावेत आणि ते एका कॅबिनेटमध्ये आपल्या हाताने बसवावेत, हे त्याचे ध्येय असते. दुकानदार अशा यंत्राला ‘असेंबल्ड’ म्हणतात, हा तरुण, ज्याला यापुढे आपण साधक म्हणू, त्याला ‘बिल्ड’ म्हणतो. त्याचे बिल्ड त्याच्या मनात भागवार किमतींसह आणि शेवटी मारलेल्या बेरजेसह केव्हाच तयार असते; टेबलावर तेवढे ते आलेले नसते.

हा मुलगा खेळाच्या नादी लागलेला आहे, अशी घरच्यांची समजूत असते. पण थोड्याशा निरीक्षणानंतर ती टिकत नाही. खेळाच्या नादी लागलेला मुलगा मोबाइलच्या पडद्यावर, मित्राच्या खोलीवर, प्रसंगी तासाला पैसे मोजून गेमिंग कॅफेत खेळतो आणि आपण कोणत्या यंत्रावर खेळतो आहोत याचे त्याला सोयरसुतक नसते. साधक कॅफेत शिरला की आधी यंत्राच्या माहितीचे पान उघडून प्रोसेसर कोणता ते पाहतो, मग टेबलाखाली वाकून कॅबिनेटच्या काचेतून पंखे मोजतो, आणि कॅफेवाल्याने ग्राफिक्स कार्डावर पैसे उधळून प्रोसेसरवर हात आखडता घेतल्याचा निष्कर्ष काढून उठतो. तोवर त्याचा भरलेला तास संपलेला असतो.

चाळीस हजार या आकड्याला शास्त्रीय आधार नाही. बारावीच्या निकालानंतर वडिलांनी ‘बघू, तीसपर्यंत’ असे म्हटलेले असते. त्यात आत्याने दिलेले पाकीट, इंटर्नशिपचे मानधन आणि जुना मोबाइल विकून येतील असे गृहीत धरलेले साडेतीन हजार मिळविले की बेरीज अडतीसच्या आसपास जाते, आणि उरलेले दोन हजार आशेने भरले जातात. या रकमेचा जवळजवळ निम्मा वाटा ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरील चित्र प्रत्यक्ष रंगविणारा स्वतंत्र भाग, घेऊन टाकते. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, वीजपुरवठा करणारा एसएमपीएस आणि कॅबिनेट यांचे वाटे काढून झाले की प्रोसेसरच्या नावाने जे शिल्लक उरते, त्यात बसणारे नवे प्रोसेसर बाजारात जेमतेम चार-पाच सापडतात. चार-पाचांतून एक निवडावयास शहाण्या माणसाला एक संध्याकाळ पुरावी. साधकाला दोन वर्षे पुरत नाहीत.

प्रोसेसर म्हणजे संगणकातील हिशेब करणारा भाग. इंटेल कंपनीने १९७१ साली ४००४ या नावाने जो मायक्रोप्रोसेसर विक्रीस आणला त्यावर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि आज स्वस्तातल्या प्रोसेसरवरही ते अब्जांनी मोजावे लागतात, हा इतिहास साधकाला मुखोद्गत असतो व कोणी न विचारता तो सांगतोही. एका प्रोसेसरच्या पोटात हिशेब करणारी जी स्वतंत्र केंद्रे असतात त्यांना कोअर म्हणतात. एका कोअरने एका वेळी हाती घेतलेल्या कामाच्या धाग्याला थ्रेड म्हणतात, आणि आजकालचा एक कोअर बहुधा असे दोन धागे सांभाळतो. हिशेबास वारंवार लागणारी माहिती रॅमपर्यंत न जाता हाताशीच मिळावी म्हणून प्रोसेसरमध्येच जी छोटी साठवण केलेली असते ती कॅशे. या तीन संज्ञा आणि गिगाहर्ट्झमध्ये मोजली जाणारी गती एवढ्या भांडवलावर साधकाचे शास्त्र उभे आहे, आणि न्यायाने सांगावयाचे तर, ते शास्त्र तो पदवी परीक्षेच्या कोणत्याही विषयापेक्षा अधिक प्रामाणिकपणे शिकलेला असतो.

त्याच्या पटावर प्रामुख्याने तीन उमेदवार असतात: जानेवारी २०२२ मध्ये आलेले इंटेलचे आय थ्री १२१००एफ आणि आय फाइव्ह १२४००एफ, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेला एएमडीचा रायझन फाइव्ह ५६००. पहिल्याला चार कोअर व आठ थ्रेड, इतर दोघांना सहा कोअर व बारा थ्रेड; कमाल गती पहिल्याची ४.३ गिगाहर्ट्झ, इतर दोघांची ४.४, तिसऱ्या पातळीची कॅशे अनुक्रमे १२, १८ आणि ३२ मेगाबाइट. चौथा उमेदवार रायझन फाइव्ह ५५०० हा दिसावयास ५६०० चा सख्खा भाऊ, त्यालाही सहाच कोअर. परंतु त्याची कॅशे १६ मेगाबाइटची आणि ग्राफिक्स कार्डाशी बोलण्याचा त्याचा मार्ग, ज्याला पीसीआयई म्हणतात, तो तिसऱ्या पिढीचा, म्हणजे ५६०० च्या चौथ्या पिढीच्या मार्गाहून निम्म्या क्षमतेचा. ज्या स्वस्त कार्डांना या मार्गाच्या चारच मार्गिका दिलेल्या असतात, उदाहरणार्थ एएमडीचेच आरएक्स ६५०० एक्सटी, ती या प्रोसेसरबरोबर अडखळतात. साधकाच्या लेखी ५५०० हा सापळा आहे. ‘तो चुकूनही घेऊ नकोस’ हे वाक्य त्याने इतक्या जणांना इतक्या वेळा ऐकविलेले असते की, त्याच्या मित्रमंडळात ते त्याच्या ओळखीचा भाग होऊन बसते.

या चारांची तुलना करण्यासाठी त्याने जो तक्ता मांडलेला असतो, तो एखाद्या सहकारी बँकेच्या ताळेबंदाहून काटेकोर निघावा. प्रत्येक खेळासाठी एक रकाना असतो. २०१५ मध्ये संगणकावर आलेला जीटीए फाइव्ह, २०२० मधला व्हॅलोरंट, २०२३ चा काउंटर-स्ट्राइक २ आणि कधीही विकत घेण्याचा विचार नसलेला सायबरपंक २०७७ असे सारे त्यात येतात. रकान्यातील आकडा म्हणजे एफपीएस, अर्थात दर सेकंदाला पडद्यासाठी तयार होणाऱ्या चित्रांची संख्या. पण केवळ सरासरीवर विश्वासणारा माणूस साधकाला अडाणी वाटतो, म्हणून शेजारी ‘वन पर्सेंट लो’ हाही आकडा असतो. खेळाच्या ओघात तयार झालेल्या चित्रांपैकी सर्वांत संथ एक टक्का चित्रे कोणत्या गतीने आली ते हा आकडा सांगतो, आणि खेळताना बसणारे अचानक झटके सरासरीत दडतात व येथे उघडे पडतात, हे साधकाचे म्हणणे पूर्णपणे खरे आहे. मात्र त्याच्या घरी जो मॉनिटर आहे तो वडिलांच्या जुन्या संगणकाबरोबर आलेला, सेकंदाला ६० चित्रे दाखविणारा आहे, आणि व्हॅलोरंटसारख्या हलक्या खेळात तक्त्यातला कोणताही प्रोसेसर शंभराच्या पुष्कळ वर जातो. हे त्याच्या ध्यानी आणून दिले असता तो क्षणभरही गांगरत नाही. पडद्याला साठच चित्रे दिसत असली तरी यंत्र अधिक तयार करीत असेल तर हाताची हालचाल पडद्यावर लवकर उमटते, असे तो शांतपणे समजावून देतो. चीड येण्यासारखी गोष्ट अशी की, त्याचे हेही म्हणणे खरे असते.

त्याच्या चिंतनाचा केंद्रबिंदू म्हणजे ‘बॉटलनेक’. ही कल्पना नीट कळण्यासाठी स्वयंपाकघरात डोकवावे. दोन जावा पोळ्या करावयास बसल्या, एक लाटते आणि दुसरी भाजते. लाटणारीचा हात संथ असेल तर दुसरीचा तवा नुसता तापत राहतो, आणि भाजणारी संथ असेल तर लाटलेल्या पोळ्या परातीत वाळतात. संगणकात लाटण्याचे काम प्रोसेसरकडे आणि भाजण्याचे ग्राफिक्स कार्डाकडे असते. पडद्याचे चित्र जितके मोठे व बारीक तपशिलांचे, तितका भाजण्याला वेळ अधिक, आणि मग लाटणारी कोणीही असली तरी फारसे बिघडत नाही. उलट चित्र लहान, कार्ड तगडे आणि खेळ चपळ असला की प्रोसेसरचा संथपणा उघडकीस येतो. प्रत्येक जोडीत कोणी ना कोणी दुसऱ्यासाठी थांबणारच, हे उघड आहे. साधकाला मात्र कोणीही कोणासाठी कधीच थांबणार नाही अशी जोडी हवी असते, आणि तिच्या शोधात त्याने प्रोसेसर वाढवला की कार्ड तोकडे पडते, कार्ड वाढवले की प्रोसेसर तोकडा पडतो, आणि दोन्ही वाढवली की बेरीज सत्तर हजारांवर जाऊन त्याला पहाटे दोन वाजता पुन्हा चार कोअरांपासून सुरुवात करावी लागते.

नावापुढच्या अक्षरांचे ज्ञान हा त्याच्या विद्वत्तेचा लोकोपयोगी भाग होय. इंटेलच्या नावात ‘एफ’ आले की त्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखविण्याची अंगभूत सोय नाही असे समजावे; ‘के’ आले की गती हाताने वाढविण्याची मोकळीक आहे असे समजावे; एएमडीच्या नावात ‘जी’ आले की चित्राची बरी सोय आत आहे असे समजावे. एफ अक्षरामुळे प्रोसेसर काहीसा स्वस्त पडतो आणि स्वतंत्र कार्ड घेणाऱ्याचे त्यात काही जात नाही. तरीही दर महिन्या-दोन महिन्यांनी एखादा ओळखीचा मुलगा नवे यंत्र जोडून रात्री अकरा वाजता साधकाला रडवेल्या आवाजात फोन करतो की, पंखे फिरतात, दिवे लागतात, पण पडदा काळा आहे. साधक पलंगावरून उठतही नाही. ‘केबल कुठं लावलीयेस?’ एवढेच तो विचारतो. मुलगा सांगतो की, मागे वरच्या बाजूला, यूएसबीच्या शेजारी. ‘ती मदरबोर्डची. काढ आणि खाली कार्डाला लाव,’ असे सांगून तो फोन तोंडापासून दूर धरतो, कारण पलीकडून येणारी आरोळी त्याला सवयीची झालेली असते. विसाव्या वर्षी एवढा अधिकार फार थोड्या शास्त्रांत मिळतो.

‘जी’वाल्या प्रोसेसरचा मोह त्याला स्वतःलाही अधूनमधून पडतो. २०२१ मधला ५६००जी घ्यावा, आज त्याच्या अंगभूत चित्रसोयीवर भागवावे आणि कार्ड नंतर घ्यावे, हा तो विचार. या योजनेतील ‘नंतर’ हा शब्द मध्यमवर्गीय अर्थशास्त्रातला फार जुना भिडू आहे. त्याच्या भरवशावर बांधकामातून गच्चीवरच्या खोलीसाठी सळया वर काढून ठेवलेल्या असतात आणि त्या तशाच गंजतात. साधकाला हे कळते, म्हणून तो हा विचार झटकतो, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा करतो.

सॉकेटच्या प्रश्नावर या वर्गात दोन पंथ पडलेले आहेत, एक एएमडीचा आणि दुसरा इंटेलचा. सॉकेट म्हणजे मदरबोर्डावरील ती जागा जिच्यात प्रोसेसर बसतो. प्रत्येक सॉकेट ठरावीक पिढ्यांचेच प्रोसेसर स्वीकारतो, त्यामुळे आज प्रोसेसर निवडणे म्हणजे उद्या काय घेता येणार नाही हेही निवडणे होय. एएमडीने २०१६ मध्ये आणलेला एएम४ हा सॉकेट इतका टिकला की, रायझनच्या पहिल्या पिढीसाठी २०१७ मध्ये विकलेल्या कित्येक बोर्डांवर, बायोस नावाची आतली मूळ आज्ञावली अद्ययावत केल्यानंतर, २०२२ चा ९६ मेगाबाइट कॅशेचा ५८००एक्स३डी बसू शकला. इंटेलचा एलजीए १७०० हा सॉकेट बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीपुरता चालला व पुढे बदलला. ‘फ्यूचर प्रूफ’, म्हणजे भविष्यकाळाने जुने न पाडलेले, असे यंत्र घेणे हा दोन्ही पंथांचा समान आग्रह आहे, आणि एएम४ घेऊन पाच वर्षांनी बोर्ड न बदलता प्रोसेसर बदललेली माणसे जगात खरोखर आहेत, हे मान्य करावयास हवे. परंतु साधकांच्या वर्गात भविष्याची ही तरतूद प्रत्यक्षात वापरणारा क्वचितच आढळतो. पाच वर्षांनंतर तो हिंजवडीत नोकरीला लागलेला असतो, कंपनीचा लॅपटॉप वापरतो आणि खेळावयास त्याला वेळ नसतो.

खरेदी लांबणीवर टाकण्याची त्याची कारणे एकाहून एक सरस आणि प्रत्येक वेळी वास्तवाच्या आधारावर उभी असतात. या वर्गातील ज्येष्ठांनी २०२० ते २०२२ हा काळ पाहिला आहे, ज्यात आभासी चलन खणणाऱ्यांनी ग्राफिक्स कार्डे उचलली, कारखान्यांचा पुरवठा आटला आणि कार्डांचे भाव छापील किमतीच्या कोठल्या कोठे गेले. तेव्हा थांबणे हे शहाणपण होते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाने खणण्याची पद्धतच सोडली आणि वापरून थकलेली कार्डे सेकंडहँड बाजारात उतरली. ती घ्यावीत की नाहीत या विवंचनेत आणखी सहा महिने गेले. मग नव्या पिढ्या आल्या आणि नव्या आल्यावर जुन्या स्वस्त होतील म्हणून थांबणे भाग पडले. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही वरच्या प्रोसेसरांना जादा व्होल्टेजमुळे बिघाड होत असल्याचे कंपनीनेच मान्य करून त्यांची हमी दोन वर्षांनी वाढविली. साधक ज्याचा विचार करीत होता तो बाराव्या पिढीचा प्रोसेसर या भानगडीत नव्हताच, तरी ‘जरा बघू काय होतंय’ म्हणून त्याने तोही विषय बाजूस ठेवला. प्रोसेसर एकदाचे आवाक्यात आले तो २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव कडाडले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अवाढव्य केंद्रांना लागणारी स्मृती बनविण्याकडे कारखाने वळले होते. दोन वर्षांपूर्वी ज्या रॅमकडे त्याने तक्त्यातील किरकोळ रकाना म्हणून पाहिले होते, तिने आता प्रोसेसरचा वाटा गिळला. या बातमीने तो खचला असे मात्र दिसले नाही. तक्ता नव्याने मांडावा लागणार या कल्पनेने त्याच्या चेहऱ्यावर उलट तरतरी आली.

बाजारात तो जातो, आणि नियमाने जातो. मुंबईत असेल तर ग्रँट रोड स्थानकावर उतरून डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, ज्याला गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघेही १९०३ ते १९०७ या काळातील गव्हर्नराच्या नावाने अजून लॅमिंग्टन रोडच म्हणतात. पुण्यात असेल तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरातील तापकीर गल्लीत. तेथील दुकानदाराला त्याची पावले ओळखू येतात. सहा फुटी दुकान, छतापर्यंत रचलेली खोकी, काउंटरवर कॅलक्युलेटर आणि अर्धवट प्यालेला कटिंग चहा, अशा त्या जागेत होणारे संभाषण ठरलेले असते. ‘ट्वेल्व्ह फोर हंड्रेड एफ कसा आज?’ असे साधक विचारतो. ‘बॉक्स की ट्रे?’ असा प्रतिप्रश्न येतो. बॉक्स म्हणजे कंपनीच्या खोक्यातला, सोबत पंखा आणि तीन वर्षांची हमी असलेला नग. ट्रे म्हणजे संगणक बनविणाऱ्यांसाठी घाऊक आलेल्या मालातून सुटा निघालेला, पंख्याविना, आणि ज्याची हमी बहुधा दुकानदाराच्या शब्दाएवढीच असते असा नग. साधक बॉक्सचा, पक्क्या बिलासह भाव विचारतो, त्यात अठरा टक्के जीएसटी धरला आहे ना याची खात्री करून घेतो, आणि मोबाइल पुढे करून म्हणतो, ‘ऑनलाइन दोनशेनं कमी दाखवतंय.’ दुकानदार चहाचा घोट घेतो. ‘मग तिकडूनच घ्या ना भाऊ. बिघडला की कुरिअर पण तिकडंच करा.’ या मुद्द्यातील तथ्य साधकाला पटते. तो वहीत भाव टिपून घेतो आणि थर्मल पेस्टची एक ट्यूब विकत घेऊन निघतो. प्रोसेसर आणि पंखा यांच्यामध्ये उष्णता वाहून नेण्यासाठी लावावयाच्या या राखाडी मलमाच्या ट्यूबा त्याच्या खणात आजमितीस अनेक साठलेल्या असतात.

त्याची साधना वाया जाते असे समजण्याचे कारण नाही, कारण तिचे फळ इतर सर्वांना मिळते. मावसभावाचा संगणक त्याच्या सल्ल्याने बनला, सोसायटीतल्या सेक्रेटरीच्या मुलाचाही बनला, आणि वास्तुकलेच्या अभ्यासक्रमाला असलेल्या सख्ख्या बहिणीने तर त्याच्याच वहीतले एक पान फाडून घेऊन एका दुपारी दुकान गाठले, पानावर लिहिलेले सर्व काही मागितले, आहे त्या भावाला घेतले आणि रात्री जेवणापूर्वी त्यावर काम सुरू केले. त्यानंतर कित्येक दिवस साधक तिच्या खोलीत जाऊन आपण निवडलेल्या यंत्राकडे पाहत उभा राही. तिने चारशे रुपये जास्त दिले होते, हे त्याने तिला तीनदा सांगितले.

घरातील वडीलधाऱ्यांना या प्रकरणाची खोली कळत नाही. वडिलांची कसोटी एकच असते: ‘त्यात टॅली चालेल ना रे?’ टॅली चालावयास यातला कोणताही प्रोसेसर अतोनात पुरेसा आहे, हे साधक सांगतो, आणि तेथेच त्याचे घोडे पेंड खाते. कारण टॅली जर कोणत्याही प्रोसेसरवर चालते तर दोन वर्षे काय बघत होतास, हा पुढचा प्रश्न तर्कशुद्ध असतो. आईचा आक्षेप अधिक मूलगामी. ‘चाळीस हजारात फ्रिज येतो,’ ती म्हणते, ‘आणि तो आणायला एक दिवस लागतो.’ फ्रिजला सॉकेट नसतो असे उत्तर साधकाच्या जिभेवर येते, पण आईसमोर ते उच्चारण्याइतका तो अननुभवी नसतो.

अशा माणसाच्या हातून खरेदी सहसा होत नाही. ती त्याच्यावर येऊन पडते. बहुतेक घरांत हे काम अखेरीस वडील करतात. मुलगा परीक्षेला गेलेला असताना, बँकेच्या कामासाठी पेठेत गेलेले वडील त्याच गल्लीत वळतात, पहिल्या दिसलेल्या दुकानात ‘मुलाला गेमसाठी प्रोसेसर पाहिजे’ असे सांगतात, आणि ‘सहा कोअर आहेत काका, डोळे झाकून न्या’ या आश्वासनावर, जुळणाऱ्या बोर्डासह, पैसे मोजून परततात. संध्याकाळी पिशवीतून मेथीची जुडी, लिंबे आणि एक चौकोनी खोके बाहेर येते. खोक्यावर ५५०० हा आकडा असतो.

पुढचा आठवडा मानसशास्त्राच्या अभ्यासकाला मोलाचा ठरावा. पहिल्या रात्री साधक जेवत नाही. दुसऱ्या दिवशी तो तक्ता उघडून पाहतो की, आपण जे कार्ड घेणार आहोत त्याला चार नसून आठ मार्गिका आहेत आणि तेथे तिसऱ्या पिढीच्या मार्गाने होणारे नुकसान किरकोळ आहे. तिसऱ्या दिवशी त्याच्या ध्यानात येते की, हा प्रोसेसर आतल्या बांधणीने अंगभूत चित्रसोय वगळलेला ५६००जीच आहे आणि विजेला काटकसरी आहे. शनिवारपर्यंत तो मित्रांना सांगू लागतो की, ५५०० बद्दल लोकांनी उगाच गैरसमज पसरवून ठेवले आहेत. पदरी पडले पवित्र झाले या न्यायाला इतक्या आकडेवारीचा आधार यापूर्वी कोणी दिला नसेल.

आणि मग तो यंत्र जोडतो, व येथे मात्र त्याच्याकडे आदराने पाहावे लागते. एएम४ जातीच्या प्रोसेसरच्या पोटाखाली १,३३१ सोनेरी टाचण्या असतात, अतिशय बारीक आणि बोटाच्या धक्क्याने वाकणाऱ्या. तो हात धुऊन, लोखंडी कपाटाला स्पर्श करून अंगातली स्थिरविद्युत घालवितो, सॉकेटची तरफ उचलतो, प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा बारीक सोनेरी त्रिकोण बोर्डावरच्या खुणेशी जुळवितो आणि नग केवळ टेकवितो. दाबायचा नसतो, तो आपल्या वजनाने खाली बसतो. या वेळी तो बसत नाही. उचलून पाहता कडेची एक टाचणी किंचित कललेली दिसते, दुकानात वडिलांनी ‘बघू तरी कसा असतो’ म्हणून हातात घेतला होता त्याची ती खूण. साधक बहिणीच्या कंपासपेटीतली शिशाची बारीक पेन्सिल मागवितो, तिचे शिसे काढून टाकतो, पोकळ टोक त्या टाचणीवर चढवून तिला अतिशय हळू उभी करतो, आणि मोबाइलच्या दिव्यात पुन्हा पुन्हा पाहतो. दुसऱ्या खेपेस नग अलगद बसतो. वडील दारात उभे असतात. टाचणीबद्दल तो त्यांना काहीही बोलत नाही.

त्या रात्री उशिरा यंत्र चालू होते आणि केबल, सांगावयास हरकत नाही, पहिल्याच खेपेस कार्डाला लावलेली असते. खेळ उतरवून घ्यावयास पहाट होते. व्हॅलोरंटच्या पहिल्या डावात साधकाचे चार सहकारी मैदानाच्या दोन बाजूंना धावतात आणि तो एका भिंतीच्या आडोशाला उभा राहून पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात हिरव्या अक्षरांत सतत बदलणारे आकडे वाचीत राहतो, एवढ्यात पाठीमागून कोणीतरी येऊन त्याला गोळी घालतो. हेडफोनमधून सहकाऱ्यांच्या शिव्या ऐकू येतात. त्याचे तिकडे लक्ष नसते. तो लगेच मावसभावाला संदेश पाठवितो की, पूर्ण लोडवर, कंपनीच्या साध्या पंख्यावर, तापमान बासष्टच्या वर गेले नाही.